ऑलपिक्स स्क्वेअर्ड: आठ महिने वापरल्यावर

रेडिएशन खाल्लेल्या सिलिकॉन पिक्सेल सेन्सरमध्ये सिग्नल किती उरतो, हे काढायला मी ऑलपिक्स स्क्वेअर्ड हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर हाताशी घेतलं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत सुरू झालेलं, फुकट, सगळा कोड उघडा. जिआन्ट-४ (कणांचा पदार्थातला प्रवास काढणारं) आणि रूट (डेटा विश्लेषणाचं) ही पॅकेजेस आधी नीट बसवली की पुढे फारसं अडत नाही.

कोऱ्या, म्हणजे रेडिएशन न खाल्लेल्या सेन्सरचे आकडे आठवड्यात जुळले. ट्रॅपिंगही (रेडिएशनने झालेल्या दोषांत चार्ज अडकणं) दोन ओळींत चालू होतं: मॉडेलचं नाव (मी ल्युब्लियाना नावाचं घेतलं) आणि फ्लुएन्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर किती कण आदळले तो आकडा. इथेच माझे दोन महिने गेले. फ्लुएन्स वाढवला की सिग्नल घटायचा, आलेख अगदी पटण्यासारखा दिसायचा, पण टेस्ट बीमच्या, म्हणजे कणांच्या झोतात सेन्सर ठेवून केलेल्या मोजमापाशी जुळायचा नाही. चूक माझीच होती. विद्युत क्षेत्र मी कोऱ्या सेन्सरचंच, सरळ रेषेत उतरणारं ठेवलं होतं. मार खाल्लेल्या सिलिकॉनमध्ये खोल पातळ्यांवर चार्ज अडकतो आणि क्षेत्राचा आकारच बदलतो; दोन्ही टोकांना ते चढतं, मध्ये खोलगट होतं. ऑलपिक्स हे स्वतः सोडवत नाही. टीकॅडमध्ये (सेमीकंडक्टरचं क्षेत्र आणि प्रवाह सोडवणारं सॉफ्टवेअर) ट्रॅप मॉडेल, म्हणजे त्या खोल पातळ्यांचं वर्णन घालून क्षेत्र काढायचं आणि मग ते ज्या बिंदूंच्या जाळीवर मोजलंय ती ऑलपिक्सला चालेल अशी बदलून आत आणायचं. पेरुजियाचं मॉडेल घ्या किंवा हॅम्बुर्गचं, ते ज्या फ्लुएन्सपर्यंत तपासलंय त्याच्या पलीकडे ताणू नका.

तेव्हापासून प्रत्येक रनच्या आधी कागदावर हिशेब करते. ट्रॅपिंगचा गुणांक साधारण ५ × १०⁻¹⁶ चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद धरला, तर प्रति चौरस सेंटिमीटर १०¹⁶ फ्लुएन्सला इलेक्ट्रॉन सरासरी ०.२ नॅनोसेकंदच टिकतो. पूर्ण वेगात असला तरी तेवढ्यात तो २० मायक्रॉन जाईल. १५० मायक्रॉनच्या सेन्सरमध्ये सगळा चार्ज गोळा झालेला दिसला, तर फाइल उघडून बघायलाच हवी. टीकॅडमधला लीकेज करंटही (कण नसतानाही सेन्सरमधून झिरपणारा प्रवाह) असाच पडताळते: ६० अंशांवर ८० मिनिटं ॲनीलिंग (ऊब देऊन इजा काहीशी भरू देणं) झाल्यावर, २० अंशांना, ४ × १०⁻¹⁷ अँपिअर प्रति सेंटिमीटर गुणिले फ्लुएन्स गुणिले आकारमान. उणे २० अंशांना तो साठाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून तापमान चुकलं की सगळंच चुकतं.

ॲनीलिंगचा इतिहास मात्र ऑलपिक्स सांभाळत नाही, तो हॅम्बुर्ग मॉडेलने (वरच्या ट्रॅप मॉडेलहून हे निराळं) वेगळा मोजावा लागतो. तरीही एमएस्सीच्या प्रोजेक्टला कुणी विचारलं तर मी हेच सुचवते. मॅन्युअल मन लावून लिहिलेलं आहे, आणि कुठलं गणित कुठे होतंय ते कोडमध्ये वाचता येतं.

हल्ली क्षेत्राच्या प्रत्येक फाइलच्या नावातच फ्लुएन्स, व्होल्टेज आणि तापमान लिहिते.