सट्टा लावणाऱ्या फुटबॉलपटूला शिक्षा: इंग्लंडची पद्धत घ्यावी की इटलीची?

सट्ट्याच्या प्रकरणात सापडलेल्या खेळाडूचं काय करायचं, असा प्रश्न लीगच्या समितीसमोर येतो तेव्हा दोन तयार नमुने हाताशी असतात. एक इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे एफएचा. पैजा मोजायच्या, बंदीचे महिने ठरवायचे, दंड लावायचा आणि निकाल कारणांसह जाहीर करायचा. दुसरा इटालियन महासंघाचा. तिथे शिक्षेचा एक भाग सामन्यांपासून दूर राहून भोगायचा आणि उरलेला उपचारांत आणि तरुण मुलांसमोर बोलण्यात घालवायचा. आमच्या शहराच्या लीगसाठी हे कलम लिहायचं काम ज्यांच्याकडे आलं त्यांत मी होतो. वाद बराच झाला आणि शेवटी आम्ही एक बाजू धरली. तेच काम तुमच्याकडे आलं असेल तर हा आढावा उपयोगी पडावा. फुटबॉलपटूनं फुटबॉलवर पैज लावायची नाही, हे सगळ्यांना ठाऊकच आहे, म्हणून थेट शिक्षेकडे येतो.

इंग्लंडचं सर्वांत बोलकं प्रकरण ब्रेंटफर्ड क्लबच्या आयव्हन टोनीचं. २०१७ ते २०२१ या काळातले २३२ नियमभंग त्यानं कबूल केले. १७ मे २०२३ रोजी त्याला आठ महिन्यांची बंदी आणि ५० हजार पौंड दंड झाला. हिशोब पंधरा महिन्यांपासून सुरू झाला होता. कबुलीबद्दल चार महिने कमी झाले, जुगाराच्या व्यसनाचं निदान झाल्यामुळे आणखी तीन. निकालपत्र सविस्तर आहे. किती पैजा स्वतःच्या क्लबच्या विजयावर होत्या, किती पराभवावर, किती वेळा त्यानं आपणच गोल करणार यावर पैसे लावले, सगळं त्यात आहे. ज्या सामन्यांत त्यानं आपल्या क्लबच्या पराभवावर पैसे लावले त्यांत तो स्वतः खेळला नव्हता, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. असं निकालपत्र वाचताना यंत्रणेबद्दल आदर वाटतो. शिक्षा पटो न पटो, ती कुठून आली हे कळतं. जोई बार्टनला २०१७ मध्ये १,२६० पैजांसाठी १८ महिन्यांची बंदी झाली आणि अपिलात ती सुमारे १३ महिन्यांवर आली. दोन्ही टप्प्यांवर हिशोब लोकांसमोर होता.

इटलीत गोष्ट वेगळी. त्यांच्या क्रीडा न्याय संहितेच्या २४व्या कलमात फुटबॉलवर सट्टा लावणाऱ्याला किमान तीन वर्षांची बंदी सांगितली आहे. कागदावर हे इंग्लंडपेक्षा कडक वाटतं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये युव्हेंटस क्लबच्या निकोलो फाजोलीला तडजोडीनंतर बारा महिने मिळाले. त्यातले सात महिने बंदीचे, पाच महिने उपचारांचे, सोबत किमान दहा ठिकाणी जाऊन बोलण्याची अट आणि १२,५०० युरो दंड. त्याच महिन्यात सांद्रो तोनाली, इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबकडून खेळणारा इटालियन. त्याला अठरा महिने मिळाले, त्यातले दहा बंदीचे आणि आठ पर्यायी. त्याला किमान सोळा कार्यक्रमांत बोलायचं होतं, शिवाय २० हजार युरो दंड होता. फिफानं त्याची बंदी जगभर लागू केली. फाजोली मे २०२४ मध्ये मैदानात परतला आणि त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेसाठी इटलीच्या संघात निवडला गेला. तोनाली ऑगस्टअखेर परतला आणि पुढच्या मार्चमध्ये न्यूकॅसलनं लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला तेव्हा तो मैदानात होता.

आमच्या बैठकीत पहिला आक्षेप लगेच आला: तीन वर्षांचे सात महिने होतात, मग कायद्याला अर्थ काय उरला? हा आक्षेप हलका नाही. तडजोड बंद खोलीत होते, मोठ्या क्लबचे वकील तिथे बसलेले असतात आणि बाहेर आकडा तेवढा येतो. एकाच्या वाट्याला सात आणि दुसऱ्याच्या वाट्याला दहा महिने का, हे सामान्य प्रेक्षकाला टोनीच्या निकालाइतकं उलगडून कळत नाही. पारदर्शकतेवरच निर्णय घ्यायचा असता तर मी इंग्लंडच्या बाजूनं हात वर केला असता.

मला अडलं ते सरावाच्या बंदीपाशी.

टोनीची बंदी केवळ सामन्यांपुरती नव्हती. पहिले चार महिने, १७ सप्टेंबर २०२३ पर्यंत, त्याला क्लबबरोबर सरावही करता येत नव्हता. व्यसनाचं निदान त्याच निकालपत्रात नोंदलेलं, त्यासाठी शिक्षाही कमी केलेली, आणि तरी त्या माणसाला त्याच्या रोजच्या माणसांपासून तोडायचं! त्याचे प्रशिक्षक थॉमस फ्रँक यांनी तेव्हा उघडपणे विचारलं होतं की एखाद्याला सावरायचं असेल तर पहिले चार महिने त्याला फुटबॉलपासून दूर ठेवण्यात तर्क काय. त्याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

हे मला इतकं टोचतं कारण असं घडताना मी जवळून पाहिलंय. ज्या संघाचं व्यवस्थापन मी काही काळ बघायचो त्यात एक विंगर होता, वयानं लहान, पायात विलक्षण वेग. एका स्पर्धेच्या आयोजकांना कळलं की तो सामन्यांवर पैसे लावतो. त्यांनी त्याला सर्व बाबींतून बाद केलं: सामना नाही, सराव नाही, संघाच्या बाकावर बसणं नाही. नियम पाळायचा म्हणून आम्हीही त्याला मैदानात येऊ दिलं नाही. रोज संध्याकाळी पाचला बूट बांधायची सवय असलेल्या मुलाच्या हातात आता रिकामी संध्याकाळ आणि मोबाइल. ज्यांच्याकडून त्यानं सट्ट्याचा आयडी घेतला होता ती मुलं नाक्यावर होतीच, आणि त्यांनी त्याला काही बाद केलेलं नव्हतं. काही महिन्यांनी त्याचा मोठा भाऊ आला. मुलानं उधारी वाढवून ठेवली होती, बुकीची माणसं घरी येऊ लागली होती. बंदी संपली तेव्हा तो खेळायला आलाच नाही. त्याच्याशी रोज बोलणारा, चेहरा पाहून 'काय रे, झोपला नाहीस का?' विचारणारा एकही जाणता माणूस त्या काळात त्याच्याजवळ नव्हता, कारण ती माणसं मैदानावर होती आणि मैदान त्याला बंद होतं.

तोनालीनं बंदीचा सगळा काळ न्यूकॅसलबरोबर सराव केला. सामने नाहीत, पण सकाळची हजेरी आहे, फिजिओ आहे, जेवणाच्या टेबलावर सहकारी आहेत. उपचार घेणाऱ्या माणसाला हा दिनक्रम किती मोलाचा असतो, हे ज्यांच्या घरात कुणी व्यसनातून बाहेर आलंय त्यांना सांगावं लागणार नाही.

आमच्या कलमात आता सराव खुला आहे. ते लागू झाल्यानंतर एक प्रकरण आलं. मुलगा बंदीच्या काळात रोज यायचा, सरावसामन्यात वेगळ्या रंगाचं बनियन घालून खेळायचा, शेवटी चेंडू गोळा करायचा. एका संध्याकाळी त्यानं प्रशिक्षकांना बाजूला घेऊन सांगितलं, 'सर, काल परत लावले.' कुणी विचारलं नव्हतं. तो मैदानाबाहेर असता तर हे वाक्य त्यानं कुणाला सांगितलं असतं?

एकदोन मुलांवरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. टोनी एकटा राहूनही सावरला. २० जानेवारी २०२४ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध कर्णधार म्हणून उतरला आणि फ्री किकवर गोल केला. पण प्रीमियर लीगचा खेळाडू खासगी प्रशिक्षक ठेवू शकतो, समुपदेशक घरी बोलावू शकतो. आपल्याकडच्या मुलाकडे मैदानच असतं. माझं पारडं झुकलं ते यामुळे.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा, जो आमच्या लक्षात जरा उशिरा आला. इंग्लंडची पद्धत पैजांच्या नोंदीवर उभी आहे. तिथे सट्टा परवानाधारक कंपन्यांकडे चालतो, खातं खेळाडूच्या नावावर असतं, प्रत्येक पैजेची तारीख आणि रक्कम मिळते. म्हणून २३२ किंवा १,२६० असे आकडे निघतात. आपल्याकडे नोंद कुठून आणणार? आयडी मित्राच्या नावावर, हिशोब बुकीच्या डोक्यात किंवा मोबाइलमधल्या गप्पांत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ती योग्यच आहे, पण त्यामुळे लीगच्या हाती कागद येण्याची शक्यता वाढलेली नाही. इटलीतलं २०२३ चं प्रकरण आपल्याला जवळचं वाटतं ते इथे. तिथेही सट्टा बेकायदा संकेतस्थळांवर होता आणि गोष्ट बाहेर आली ती तुरीनच्या सरकारी वकिलांच्या तपासातून. तोनालीची चौकशी करायला पोलिस थेट कोव्हर्चानोला, राष्ट्रीय संघाच्या शिबिरात पोहोचले होते. नोंद नसेल आणि पोलिसही आपल्या हाताशी नसतील, तर लीगकडे एकच साधन उरतं: खेळाडूनं स्वतः येऊन सांगणं. नुसत्या महिन्यांच्या भीतीनं कुणी सांगायला येत नाही.

गंमत म्हणजे हे इंग्लंडलाही कळतं. न्यूकॅसलला आल्यावरही तोनालीनं पैजा लावल्या होत्या आणि ते त्यानं स्वतःहून सांगितलं. एफएनं पन्नास नियमभंगांचा आरोप ठेवला, पण मे २०२४ मध्ये दिलेली दोन महिन्यांची बंदी स्थगित ठेवली आणि २० हजार पौंड दंडावर प्रकरण मिटवलं. त्यांच्या एरवीच्या मापानं ही फार सौम्य शिक्षा. कबुलीची किंमत तिथेही आहे, फक्त ती नेमकी किती, हे खेळाडूला आधी ठाऊक नसतं.

पण सगळंच इटलीचं घेऊ नका. दोन बाबतींत आम्ही इंग्लंडकडेच राहिलो. एक, आतली बातमी बाहेर देणं. किअरन ट्रिपियरनं आपण आत्लेतिको माद्रिद क्लबकडे जाणार हे आधीच मित्रांना सांगितलं, त्यांनी त्यावर पैजा लावल्या, आणि त्याला डिसेंबर २०२० मध्ये दहा आठवडे आणि ७० हजार पौंड भोगावे लागले. अशाच प्रकरणातली डॅनियल स्टरिजची शिक्षा तर एफएनं अपील करून चार महिन्यांपर्यंत वाढवून घेतली. अशा प्रकरणात उपचार कशाचे करणार? तिथे साधी, मोजलेली बंदीच बरी. दुसरं, स्वतःच्या संघाच्या पराभवावर पैसे लावणं. खेळाडू त्या दिवशी संघात असो वा नसो, सवलत नाही. ड्रेसिंग रूममधला विश्वास एकदा गेला की समुपदेशनानं परत येत नाही.

आणि संघातले निम्मे खेळाडू सापडले तर? तुर्कस्तानात २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हजाराहून अधिक खेळाडूंना तात्पुरतं थांबवावं लागलं आणि वरच्या दोन श्रेणींतल्या १०२ जणांना ४५ दिवस ते १२ महिने अशा बंद्या झाल्या. इतकी माणसं असतील तर एकेकाशी बसून उपचारांची योजना आखणं कुठल्याही समितीला जमणार नाही, हे खरं. आमची लीग तेवढी मोठी नाही, बहुधा तुमचीही नसेल.

जाहिरातींबद्दल एकच सांगतो, कारण हा प्रश्न खेळाडूच विचारतात. टोनीला शिक्षा झाली तेव्हा ब्रेंटफर्डच्या जर्सीवर सट्टा कंपनीचंच नाव होतं. प्रीमियर लीगच्या क्लबांनी छातीवरून अशी नावं काढायचं ठरवलं ते २०२५-२६ चा हंगाम संपेपर्यंत. इटलीनं जुगाराच्या जाहिरातींवर २०१८ मध्येच कायद्यानं बंदी घातली. म्हणून शिक्षेच्या कलमाच्या वरच आमचं दुसरं कलम आहे: सट्टा कंपनीचा फलक मैदानावर लागणार नाही, ती भलत्या नावानं आली तरी.

तुम्ही इटलीकडे झुकलात तर बोलण्याच्या कार्यक्रमांबाबत काळजी घ्या. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला हार घालून, कॅमेऱ्यासमोर, शाळेच्या सभागृहात उभं करू नका. आम्ही चौदा वर्षांखालच्या संघाच्या सरावानंतर, मैदानातच त्याला मुलांबरोबर गोलाकार बसवतो. प्रशिक्षक शेजारी असतात आणि मोबाइल पिशव्यांत. तो किती बोलतो यापेक्षा मुलं काय विचारतात ते ऐकण्यासारखं असतं. समुपदेशनासाठी खासगी डॉक्टर परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. हजेरीचा कागद समुपदेशकाची सही घेऊन यावा. तिथे काय बोलणं झालं ते समितीनं विचारू नये.

विभागणीसाठी आम्ही फाजोलीचं प्रमाण घेतलं, बारातले सात आणि पाच. स्वतःहून येणाऱ्याला ते मिळणार हे हंगाम सुरू होताना प्रत्येक संघाला वाचून दाखवतो. समुपदेशन अर्धवट सोडलं तर ते पाच महिनेही बंदीत जातात. पुन्हा लावल्याचं स्वतः येऊन सांगितलं तर जात नाहीत, या ओळीवर बैठकीत सर्वांत जास्त वाद झाला आणि मी ती सोडली नाही. इंग्लंडकडून घ्यायची तिसरी गोष्ट म्हणजे निकाल लिहून लावणं. कशासाठी, किती, सूट का दिली, हे एका पानात मैदानाच्या फलकावर लागतं, आणि आजाराचा तपशील त्या पानावर येत नाही.