गच्चीवरचं सोलर: वर्षभराचा अनुभव

नागपूरच्या झिंगाबाई टाकळीतल्या आमच्या गच्चीवरून कोराडी वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्याच गच्चीवर मागच्या उन्हाळ्याआधी ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यात आलं.

बसवणारी पोरं कामाची निघाली, दोन दिवसांत सगळं उभं. ढाचा उंच हवा म्हणून मी अडून बसलो. आता त्याखाली आईच्या कुंड्यांना सावली मिळते. नेट मीटरसाठी (घेतलेली आणि लाइनला परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) मात्र ठेकेदाराने सात आठवडे 'उद्या, काका' ऐकवलं. ठेकेदाराचे दोन तारे इथंच कापतो.

मला वाटलं होतं, नागपूरचा मे म्हणजे विजेची लयलूट. तसं नाही ना बाप्पा! पॅनेलला ऊन लागतं, ताप नाही. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. आमच्याकडे फेब्रुवारीत दिवसाला १३ युनिट, मे मध्ये जेमतेम ११. धूळ वेगळीच. पहाटे पुसा, दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका.

आणखी एक गोष्ट विकताना कोणी बोलत नाही: लाइन गेली की हेही बंद! आपल्या पॅनेलची वीज तारेत जाऊन तिथं काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप थांबतो. बॅटरी हवी तर खर्च वेगळा. जूनच्या वादळात डोक्यावर ३ किलोवॅट असून आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसलो होतो. बाकी दोन कूलर चालूनही बिल फक्त स्थिर आकाराइतकं आलं, म्हणून सोलरला पाचपैकी चार तारे.