सहा मीटरची गल्ली: नऊ मीटर करून उंच जायचं, की बेतानं बांधायचं?

कोथरूडच्या आमच्या गल्लीत बहुतेक इमारती ऐंशीच्या दशकातल्या, तीन मजली, बारा-बारा फ्लॅटच्या. लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे गेलेत. त्यांची भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जाते आणि त्या स्वतः महिनोन्‌महिने खाली येत नाहीत. त्यामुळे रीडेव्हलपमेंट नकोच म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. खरा प्रश्न किती बांधायचं हा आहे. तुमच्याही सोसायटीत हा विषय सभेपुढे येणार असेल, तर हात वर करण्याआधी दोन्ही वाटा नीट पारखून घ्या.

डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. दाट गावठाणाबाहेर, नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर निवासी एफएसआय 1.1, त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही की टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता नऊ मीटर झाला की 0.5 प्रीमियम आणि 0.4 टीडीआर जोडून तो 2 पर्यंत जातो. पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर ही तफावत साधारण 550 आणि 1,000 चौरस मीटर अशी पडते. जिने, बाल्कन्या यांचा पूरक एफएसआय पैसे भरून मिळतो, तो दोन्हीकडे याशिवाय. म्हणूनच बिल्डर पहिल्याच बैठकीत विचारतो, "पुढचा दीड मीटरचा पट्टा सोडाल ना?" दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडलं की सहाचे नऊ होतात. पुणे महापालिकेनं 2020 मध्ये सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा शहरभर वाद झाला तो याच दीड मीटरवरून.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर उंच इमारतीला तोड नाही. विकायला जादा फ्लॅट असतात, त्यातून बांधकामाचा खर्च निघतो, सभासदाला वाढीव कार्पेट, बांधकाम होईपर्यंतचं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, मिळतो. 1.1 वर तसं होत नाही. जुन्या सभासदांना घरं देता देताच बहुतेक क्षेत्र संपतं, मग स्वयंपुनर्विकास (बिल्डरशिवाय सोसायटीनंच बांधणं) करा किंवा बिल्डर आणा, प्रत्येकाला खिशातून पैसे घालावे लागतात. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला "शहराचा विचार करा" असं सांगून हा हिशेब मिटत नाही. बेतानं बांधा म्हणणाऱ्यांनी कर्जाची, हप्त्यांची सोय आधी मांडावी आणि मग मत मागावं.

गल्लीत उतरलं की मात्र पारडं फिरतं. आमच्याकडे सकाळी साडेसातला शाळेची व्हॅन आणि गॅसचा टेम्पो समोरासमोर आले, की एकाला पार कोपऱ्यापर्यंत मागं जावं लागतं. उन्हाळ्यात टँकर उभा असला की दुचाकीसुद्धा अडकते. इथे बाराच्या जागी पंचवीस फ्लॅट आले, तर गाड्या वाढतील, ड्रेनेजची लाइन मात्र तीच राहील. पार्किंग आणि रॅम्प बसवताना मागची आंब्या-नारळाची झाडं जातात, तेही धरा.

यात सगळ्यात कमी बोललं जातं ते दातेरी रस्त्याबद्दल. कागदावर गल्ली नऊ मीटरची होते, पण प्रत्येक प्लॉट आपापली जागा सोडतो तो स्वतःची इमारत पाडेल तेव्हा. आज एकानं पट्टा सोडला, शेजारी दहा वर्षं हलला नाही, तर रस्ता रुंद होत नाही, फक्त एक खाच तयार होते. त्या खाचेत पहिल्याच आठवड्यात गाड्या लागतात. माणसं आधी येतात, रस्ता मागून येतो, आणि मधल्या काळात अग्निशमनाचा बंब आत येऊ शकेल का, हे कुणीच सांगत नाही. माझं मत याच मुद्द्यावर ठरलं. निदान एका टोकापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या सगळ्या सोसायट्यांनी पट्टा एकदम मोकळा करून दिला, भिंती मागं घेतल्या, तरच उंच इमारतीला होकार द्यावा. एकट्या प्लॉटच्या जोरावर देऊ नये.

मेट्रोजवळ राहणाऱ्यांचं काय? वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी या स्थानकांच्या 500 मीटरच्या आत मेट्रोलगतच्या बांधकामाचं धोरण 4 पर्यंत एफएसआयची मुभा देतं, पण तिथंही आकडा रस्त्याच्या रुंदीप्रमाणेच चढतो. पौड रस्त्याला लागून असलेल्या प्लॉटवर उंच बांधायला माझा मनापासून पाठिंबा आहे. माणसं पायी स्थानकावर जाऊ शकतात तिथं दाट वस्ती व्हायलाच हवी, नाहीतर शहर मुळशीपर्यंत पसरत जाईल. त्याच 500 मीटरमधली आतली सहा मीटरची बोळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

सभेचे नियमही माहीत असू द्या. सहकारी सोसायटीसाठी 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती हवी. म्हणजे बारापैकी सात जण निर्णय घेऊ शकतात. बिल्डरच्या सादरीकरणात मजल्यांचं चित्र असतं. बिल्डरला पाण्याच्या जोडणीचा व्यास, पट्टा सोडल्याचा मोबदला आणि पाया खोदताना शेजारच्या भिंतीची जबाबदारी कुणाची, हे लेखी विचारा.

आम्ही गेल्या रविवारी टेप घेऊन गल्ली मोजली. नकाशात सहा मीटर, ट्रान्सफॉर्मरपाशी पाच मीटर वीस. नऊ सोसायट्यांपैकी सहा पट्टा एकदम सोडायला तयार आहेत. उरलेल्या तिघांकडे येत्या रविवारी जाणार आहोत.