पेन्सिल जेट की फॅन जेट? काच धुण्याच्या ब्रशसाठी जेट निवडताना

लांब पोल, टोकाला ब्रश आणि पोलमधून वर चढणारं शुद्ध पाणी अशा पद्धतीने काचा धुणारी माणसं पोल घेताना भरपूर घासाघीस करतात. वजन किती, वाकतो किती, कार्बनचा आहे की फायबरचा, सगळं बघतात. ब्रशवरचे पेराएवढे जेट, म्हणजे पाणी सोडणाऱ्या तोट्या, मात्र ब्रशसोबत जे आले तेच वर्षानुवर्षं चालतात. या पद्धतीत शेवटी काच कोणी पुसत नाही, घासून सुटलेला मळ पाण्यानेच खाली उतरवायचा असतो. ते पाणी काचेवर कसं पडतं हे जेटवर ठरतं, त्यामुळे तिथे थोडं डोकं घातलेलं बरं.

एक गोष्ट गृहीत धरतो. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य किंवा फार तर दहा पीपीएमच्या आत आहे. तसा नसेल तर आधी फिल्टर बघा, जेट बदलून पांढरे ठिपके जाणार नाहीत.

धार आणि पंखा

पेन्सिल जेटमधून सरळ, बारीक धार निघते. ब्रश काचेपासून वीतभर उचलला तरी धार मोडत नाही, वाऱ्याने फारशी हलत नाही आणि नेम धरून कोपऱ्यात मारता येते. पाणीही कमी लागतं. उणीव एवढीच की धार एका बिंदूवर पडते. तिथून पाणी पसरणं हे काचेच्या मर्जीवर अवलंबून.

फॅन जेट तेच पाणी पंख्यासारखं पसरून टाकतो. दोन फॅन नीट लावले तर ब्रशच्या रुंदीभर पाण्याचा सलग पडदा तयार होतो आणि एका फेरीत तावदान धुऊन निघतं. पण या पडद्याला दाब लागतो. दाब कमी पडला की पंखा आकसतो, मधे दाट पाणी आणि कडेला नुसते तुषार राहतात. वारा असेल तर ते तुषार भलतीकडे जातात, बहुतेक वेळा आपल्याच तोंडावर. शिवाय पंखा वरच्या चौकटीवर आणि तिच्यातल्या फटींवर पाणी उडवतो. ते पाणी आतली धूळ घेऊन दहा मिनिटांनी खाली ओघळतं, तेव्हा आपण पुढच्या खिडकीवर पोहोचलेलो असतो. फॅनबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला या ओघळात दिसतं. वरची चौकट आधी धुऊन निथळू दिली आणि शेवटचं पाणी मारताना ब्रश चौकटीच्या बोटभर खालीच ठेवला, तर ही कटकट बरीच कमी होते.

आधी काचेला विचारा

घासून झाल्यावर ब्रश बाजूला घ्या आणि ओल्या काचेकडे बघा. पाणी सलग पातळ थर धरून एका चादरीसारखं खाली सरकतंय की त्याचे मणी होऊन जागोजाग फाटतंय?

थर धरणारी काच असेल तर पेन्सिल जेट पुरतात. धार पडल्या जागेपासून पाणी आपणहून आडवं पसरतं, दोन धारांमधली जागाही भिजते. अशा काचेवर फॅन लावून पाणी वाढवणं म्हणजे टाकी लवकर रिकामी करणं.

मणी धरणाऱ्या काचेवर मात्र पेन्सिलची धार एक पट्टा धुते आणि शेजारची जागा तशीच सोडते. त्या जागेवर थेंब अडकून बसतात आणि वाळताना उरलासुरला मळ कडेला जमा करतात. इथे पंखा उपयोगी पडतो, कारण वरून आलेला रुंद पडदा थेंबांना आपल्यात ओढून घेत खाली नेतो. ब्रश काचेवर टेकवून पाणी मारत राहिलात तर केस पुन्हा पुन्हा थेंब फोडत बसतात, म्हणून अशा काचेवर शेवटचं पाणी ब्रश उचलून मारायचं. हात सावकाश, वरून खाली. पेन्सिलनेही हे जमतं, फक्त फेऱ्या जास्त लागतात आणि पट्टे एकमेकांवर चढतील एवढा धीर धरावा लागतो.

काही काचा पहिल्या धुण्याला मणी धरतात आणि दोन-चार वेळा चांगल्या घासल्या की थर धरू लागतात. वर साचलेला तेलकट थर निघाल्याचं ते लक्षण. त्यामुळे पहिल्याच दिवशी एका घरापुरते सगळे जेट बदलू नका.

भोकाचा हिशेब

पेन्सिल जेटमधेही दोन घ्यायचे की चार, हा वाद नेहमीचा. चार जेट म्हणजे दुप्पट पाणी असं वाटतं, पण पाणी किती येणार हे मुख्यतः पंप आणि पाइप ठरवतात. जेट फक्त ते वाटून देतात.

मिनिटाला दीड लिटर पाणी ब्रशपर्यंत पोहोचतंय असं धरा. दोन मिलिमीटर भोकाचे दोन जेट असतील तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे 4 मीटर येतो. तसेच चार लावले की तो 2 मीटरवर उतरतो आणि धार मवाळ होते. दोनच ठेवून भोक 1.4 मिलिमीटर केलं तर वेग 8 मीटरपर्यंत चढतो, कारण भोकाचं क्षेत्रफळ जवळपास निम्मं झालं. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर होतं तेच. जास्त वेगाची धार पक्ष्यांची वाळलेली घाण किंवा कोपऱ्यातलं जाळं सोडवायला कामी येते, पण उघड्या काचेवर आपटून शिंतोडेही उडवते. मळ सोडवणं हे मुळात केसांचं काम आहे. जेटवर तो भार टाकला की शिंतोडे वाढतात, स्वच्छता नाही.

पंपावर किती ताण येतो हेही बघा. 4 मीटर वेगासाठी जेटपाशी 0.1 बारसुद्धा लागत नाही. पाणी 10 मीटर उंच चढवायला मात्र सुमारे 1 बार खर्च होतो. आणि 6 मिलिमीटर आतल्या व्यासाचा 100 मीटर पाइप दीड लिटरच्या प्रवाहाला हिशेबाने अडीच बारच्या आसपास खातो. प्रवाह दुप्पट केला की पाइपातलं हे नुकसान तिपटीहून जास्त होतं. म्हणजे वरच्या मजल्यावर धार मेली असेल तर जेटच्या आधी पाइप तपासा. पिळ पडलाय का, गरजेपेक्षा लांब गुंडाळी जोडलेली आहे का? फॅनचा पंखाही अशाच वेळी आकसतो, म्हणून उंचीवर मी पेन्सिलच्या बाजूने आहे.

आपला खरा प्रवाह मोजणं सोपं आहे. पोल कामाच्या उंचीवर नेणं शक्य नसेल तर जमिनीवरच ब्रश बादलीत धरा, एक मिनिट पाणी सोडा आणि मोजा. उंचीवर यापेक्षा कमीच येईल. लिटरभरच येत असेल तर चार जेट किंवा फॅन विसरा. दोन लिटरच्या पुढे असाल आणि ब्रश 45 सेंटिमीटरहून रुंद असेल, तर चार पेन्सिल शोभतात. मधल्या रुंदीच्या ब्रशला दोन पुरेत.

जागा आणि कोन

काही ब्रशमधे जेट केसांच्या आत असतात, काहींमधे ठोकळ्याच्या वरच्या कडेला. आतल्या जेटचं पाणी घासताना थेट केसांत जातं, ते चांगलं. पण केस म्हातारे होऊन पसरले की धारेच्या आड येतात आणि ब्रश उचलल्यावर धार वाकडी जाते. वरच्या कडेला असलेले जेट ब्रश उचलल्यावर मोकळे मारतात. कुठलाही प्रकार घ्या, धार केसांच्या टोकाच्या किंचित वर काचेला लागली पाहिजे. ब्रश भिंतीला टेकवून पाणी सोडलं की हे लगेच दिसतं.

ब्रशच्या वर वेगळी बसवायची धुण्याची पट्टी मिळते, तिच्यात ओळीने जेट असतात. मोठ्या, सपाट, मणी धरणाऱ्या काचांवर ती छान. छोट्या तावदानांवर मात्र तिचं वजन पोलच्या टोकाला नकोसं होतं. पुढे जात नाही, ज्यांना ती लागते त्यांना ते ठाऊक असतं.

मग घ्यायचं काय

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 2 मिलिमीटरचे दोन पेन्सिल जेट लावावेत आणि खिशात फॅनची एक जोडी ठेवावी. तळमजल्यावर, वारा नसताना, मणी धरणारी काच आली की बदलायची. आटे असलेले जेट असतील तर हाताने फिरतात, दाबून बसवायचे असतील तर ओढताना त्यांचं रबर सांभाळा. सगळी कामं उंच इमारतींची असतील तर फॅनच्या वाटेला जाऊ नका. आणि बहुतेक काचा मणीच धरत असतील, प्रवाहही दोन लिटरच्या जवळ असेल, तर उलट करा. फॅन कायमचे, पेन्सिल खिशात.

जेट बदलल्यावर पंपाच्या कंट्रोलरचं, म्हणजे पंप नियंत्रित करणाऱ्या यंत्राचं, कॅलिब्रेशन पुन्हा करा, नव्या दाबाशी त्याची जुळणी करून घ्या. भोक बारीक झालं की दाब वाढतो आणि कंट्रोलर पाइप बंद आहे असं समजून पंप थांबवतो. लोक मग पंप दुरुस्तीला नेतात. बारीक भोकं तुंबतातही लवकर. डीआय टाकीतून (पाण्यातले क्षार काढणाऱ्या रेझिनच्या टाकीतून) सुटलेले रेझिनचे बारीक दाणे अशा भोकात अडकू शकतात. एका बाजूची धार अचानक तिरकी झाली की समजायचं. सुई खुपसून भोक मोठं करू नका, जेट काढून उलट बाजूने फुंकर मारा किंवा पाणी सोडा.