बुरशीवरचे किडे आणि वाळवीचे बिल

गेल्या जुलैमध्ये रत्नागिरीतील आमच्या घरी, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या पुस्तकांच्या कपाटात रव्याच्या कणाहून बारीक असे फिकट किडे दिसू लागले आणि मी घाईघाईने कीटकनाशक फवारणाऱ्या एका माणसाला बोलावले. त्याने कपाटामागचा पोपडा खरवडला, निघालेली भुकटी मोबाइलच्या काळ्या काचेवर झटकली आणि तीत पळणारे चार-पाच ठिपके दाखवून, "काका, ही वाळवीची पिल्लं. आता थांबलात तर दिवाळीपर्यंत चौकटी गेल्याच समजा," असे सांगितले. पाठोपाठ पोखरलेल्या दाराचे एक छायाचित्रही दाखवले; ते दार कोणाच्या घरचे, हे विचारायचे मला सुचले नाही.

अठरा हजार रुपये ठरले व ते सगळे मी रोख दिले. त्याने भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूटभर अंतराने छिद्रे पाडून औषध सोडले, ती पांढऱ्या सिमेंटने बुजवली आणि पाच वर्षांच्या हमीचे शिक्का मारलेले कार्ड हातावर ठेवले. पावती मात्र 'नंतर' मिळणार होती. तीन आठवड्यांत किडे परतले. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

शेवटी चिकटपट्टीवर धरलेला एक किडा प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शेजाऱ्यांना दाखवला. भिंगाखाली जेमतेम मिलिमीटरभराचे मऊ, बिनपंखी अंग आणि सुतासारख्या लांब मिशा दिसल्या. हे बुकलाइस, म्हणजे शब्दशः 'पुस्तकातल्या उवा'. नावात ऊ असली तरी ते माणसाला चावत नाहीत, लाकूडही पोखरत नाहीत. ओलसर भिंतीवरची आणि पुस्तकांच्या खळीवरची बुरशी खाऊन जगतात. हवेतील बाष्प शोषून ते तगतात, त्यामुळे आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांखाली राहिली तर सुकून मरतात. औषधाने दिसतील तेवढे मारले, तरी ओल असेपर्यंत पुन्हा होतात. वाळवी असती तर भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या, ज्या मी आजोळी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि तरीही त्या दिवशी मला आठवल्या नाहीत. अशा व्यवसायाला कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये परवाना लागतो. तोही मी मागितला नाही.

गच्चीवरून येणारा पाइप फुटून त्याच भिंतीत पाणी मुरत होते. तो बदलला, कपाट वीतभर पुढे ओढले, आणि थंडी पडेपर्यंत किडे गेले. प्लंबरने आठशे रुपये घेतले आणि पावती न मागता दिली.