गॅलरीतली विंड चाइम, रेकॉर्डर आणि इफेक्ट्स: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा वापर

चाइमचा आवाज रेकॉर्ड करून त्याची गती उतरवायची आणि त्यावर इफेक्ट्स लावायचे, त्यासाठीचा संच असा: एक्स-वाय माइक (कोनात बसवलेले दोन माइक) असलेला, हातात मावणारा ३२-बिट फ्लोट (फार मोठे आणि फार बारीक आवाज एकाच फाइलमध्ये सामावणारा) रेकॉर्डर, त्यावर केसाळ विंडशील्ड, एक पिझो चकती (वस्तूला चिकटवून तिचे कंप टिपणारी) तिच्या छोट्या प्रीॲम्पसकट (आवाज वाढवणारी डबी), ॲल्युमिनियमच्या पाच नळ्यांची चाइम आणि संगणकावर रीपर व ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची सॉफ्टवेअर. मत आधीच सांगतो. चाइमला वारा हवा आणि माइकला तो अजिबात नको. हे भांडण गॅलरीतच मिटवलं नाही, तर पुढे कोणताही इफेक्ट ते मिटवत नाही.

रेकॉर्डरसोबत मिळणारा फोम बोलणं रेकॉर्ड करण्यापुरता ठीक. दुपारी खारे वारे सुटले की तो असून नसल्यासारखा. माइकच्या पडद्याशी हवेचे भोवरे होतात आणि त्यांचा बहुतेक जोर २०० हर्ट्झच्या खाली असतो. ३२-बिट फ्लोटमुळे फाइल क्लिप होत नाही (मोठा आवाज फाटत नाही), हे खरं. पण वाऱ्याच्या झोताने माइकची कॅप्सूलच हद्दीबाहेर गेली तर तो बिघाड फाइलमध्ये तसाच उतरतो, नंतर आवाज कमी करून जात नाही. जाहिरातीत हा भाग कुणी सांगत नाही. केसाळ विंडशील्डने फरक पडतो, पण त्याहून जास्त फरक जागेने पडतो. चाइम कठड्याच्या वर, वाऱ्यात. रेकॉर्डर कठड्याच्या आड, चाइमपासून ४०-५० सेंमी खाली, छोट्या ट्रायपॉडवर. ट्रायपॉडखाली घडी घातलेला टॉवेल. रेकॉर्डर ग्रिलला क्लॅम्प करू नका, कारण चाइमचा हूक त्याच ग्रिलला असेल तर प्रत्येक हेलकावा धातूतून थेट माइकमध्ये येतो.

बाजारातल्या तयार चाइम बहुतेक निराश करतात आणि दोष सहसा धातूचा नसतो, भोकाचा असतो. दोन्ही टोकं मोकळी असलेली नळी वाकून कंप पावते, तेव्हा मूळ स्वरासाठी तिचे स्थिर बिंदू प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर येतात. स्वस्त चाइममध्ये भोक अगदी टोकाशी असतं, त्यामुळे दोरीच कंप खाते आणि आवाज ‘ठण’ होऊन मरतो. ५० सेंमीच्या नळीला ११.२ सेंमीवर ३ मिमीचं नवं भोक पाडा आणि त्याची धार कानसीने मोडा, नाहीतर दोरी तिथेच तुटते. नळ्या सुट्या घ्यायच्या तर मुंबईत गुलालवाडीच्या धातू बाजारात हव्या त्या मापात कापून मिळतात. २५ मिमी व्यास आणि १.६ मिमी जाडीची ५० सेंमी नळी साधारण ६०० हर्ट्झवर वाजते. स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो, म्हणून एक सप्तक वर जायला लांबी निम्मी करायची नाही, ०.७०७ पट करायची.

वेळेचं गणित मुंबईत उलटंच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. पण हिवाळ्यात त्या वेळेचे मतलई वारे इतके मंद की चाइम हलतही नाही. खारे वारे जोरात असतात तेव्हा खाली हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या आणि कुणाकडे तरी ड्रिलिंग. पहाटे चाइमखाली लोंबणाऱ्या, वारा पकडणाऱ्या पानाला बारीक दोरा बांधून दोन मीटरवरून ओढणं हा सर्वात स्वच्छ उपाय. टेबलफॅन लावू नका, त्याची घरघर नळ्यांच्या आवाजात मिसळते. एप्रिल-मे महिन्यांत पहाटही हातची जाते, कोकीळ थांबतच नाही. पावसाळ्यात रात्री वारा आणि शांतता दोन्ही मिळतात, फक्त दोन सरींच्या मध्ये. सर आली की शेजारच्या पत्र्यापुढे काही ऐकू येत नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटची गुणगुण १०० हर्ट्झच्या पटीत येते, ती नंतर कापता येते.

रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झवरच करा. स्टीरिओ ३२-बिटला तासाला सुमारे २.८ जीबी जागा लागते, पण कारण भक्कम आहे. पाव गतीने वाजवून आवाज दोन सप्तकं खाली आणल्यावर ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ६ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही, आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा होतो. ९६ ला ही हद्द १२ वर जाते. पॉवर बँक लावणार असाल तर ती आधी तपासा. रेकॉर्डर इतकी कमी वीज घेतो की काही पॉवर बँका मध्येच बंद पडतात.

पिझोवर फार भिस्त ठेवू नका. २७ मिमीची चकती गोल नळीवर नीट बसत नाही, १५ मिमीची घ्या. ती नळीच्या टोकाला चिकटवली की वजनाने स्वर किंचित उतरतो आणि घुमणं आखूड होतं. साध्या माइक इनपुटला जोडली तर खालचे स्वर गळतात, १ मेगाओहमचा इनपुट लागतो. मुख्य माइकच्या १२ डेसिबल खाली मिसळली तर टोल्याला धार येते, एवढाच तिचा उपयोग.

आता इफेक्ट्स. सर्वात आधी २५०-३०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर), आणि तो वेग कमी करण्याच्या आधी. नंतर लावायचा म्हटलं तर एसीची १०० हर्ट्झची गुणगुण तोवर २५ हर्ट्झवर पोचलेली असते: कानाला जाणवत नाही, पण हेडरूम (आवाज वाढवायला उरलेली जागा) खाते. रीपरमध्ये आयटमवर (ट्रॅकवरच्या ध्वनीच्या तुकड्यावर) एफ२ दाबून प्लेबॅक रेट ०.५ किंवा ०.२५ करा आणि ‘प्रिझर्व्ह पिच’ची खूण काढा. वेळ तशीच ठेवणारे पिच-शिफ्टर इथे टाळावेत, कारण टोल्याची धार पुसली जाते. ०.२५ वर ६०० हर्ट्झची नळी १५० वर येते. तिचे वरचे कंप मूळच्या २.७६ आणि ५.४० पट, म्हणजे हार्मोनिक (पूर्णांक पटीत) नसल्यामुळे, तिला घंटेची जात येते. आणखी एक गंमत कळते: नळी पूर्ण गोल नसल्याने जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजतात आणि आवाज हेलकावतो. मूळ गतीत हे लक्षातही येत नाही, पाव गतीत तोच हेलकावा ठळक होतो. कावळाही अर्थात पाव गतीत येतो आणि वाघासारखा गुरगुरतो, तेव्हा तो आधीच कापा.

ऑडॅसिटीतला पॉलस्ट्रेच (आवाज खूप ताणून लांबवणारा इफेक्ट) १० पट आणि ०.२५ सेकंदांवर चांगला चालतो. टोल्यानंतरच्या शेपटीवरच लावा. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या पुढे नेलं की शेपट्या पाणचट होतात, कारण विरत जाणारा स्वर आणि मागचा गोंगाट यांत त्याला फरक कळत नाही. सर्वात जास्त उपयोगी पडलेली युक्ती मात्र वेगळी: एका टोल्याची ३-४ सेकंदांची स्वच्छ फाइल, शेवटी फेड देऊन (हळूहळू विरवून), कन्व्होल्यूशन रीव्हर्बमध्ये (एका आवाजाची घुमण दुसऱ्यावर चढवणाऱ्या इफेक्टमध्ये) इंपल्स, म्हणजे घुमणीचा नमुना, म्हणून भरायची आणि त्यातून ताशा सोडायचा. ताशाच्या काडीत सगळ्या पट्ट्या असल्याने नळीचा प्रत्येक कंप जागा होतो. पेटीचा लांब सूर नळीच्या स्वराशी जुळला तरच काही घडतं. वेट पातळी (इफेक्ट लागलेल्या आवाजाची) १२ ते १८ डेसिबल खाली ठेवूनच सुरू करा, नाहीतर जुळलेला एखादा स्वर कानठळ्या बसवतो.

पावसाळ्यात रेकॉर्डर सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की भाजून पुन्हा वापरा. दमट माइक आधी बारीक तडतडतो, तेव्हाच त्या दिवशीचं काम थांबवा. हूक ३१६ स्टीलचे घ्या, साधे खाऱ्या हवेत गंजतात. मधला लाकडी टोला फुगतो, त्याला वॉर्निशचे दोन हात द्या. विंडशील्ड ओलं झालं की केस एकमेकांना चिकटतात आणि वारा थेट आत शिरतो. सावलीत वाळायला वेळ लागतो, म्हणून जून उजाडण्याआधी एक जादा घेऊन ठेवा.