दोन वेळचा स्वयंपाक, केरफरशी आणि पाळणाघर : नोकरी करताना वापरलेल्या व्यवस्थेचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातील माझ्या कंपनीत माझ्याकडे एका गटाची जबाबदारी आली आणि अमेरिकेतील ग्राहकांबरोबरच्या बैठका संध्याकाळी साडेसहानंतर होऊ लागल्या. तेव्हापासून मनीषनगरमधील आमच्या घरचा दोन वेळचा स्वयंपाक, धुणे-भांडी व केरफरशी आणि धाकट्या मुलीचा सांभाळ ही तीन कामे आम्ही पगार देऊन सोपवली आहेत. आता महालक्ष्म्या होऊन गेल्या आहेत, म्हणजे नागपूरचा उन्हाळा, शाळेची लांब सुट्टी आणि सणवार या सगळ्यांतून ही व्यवस्था पार पडली आहे. म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आधी स्वयंपाकाविषयी. स्वयंपाकाच्या ताई सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचला येतात. चार माणसांच्या दोन वेळच्या जेवणाचे आणि सकाळच्या डब्यांचे आम्ही महिन्याला 7,000 रुपये देतो. त्यापूर्वी आम्ही काही महिने कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणत होतो. त्या स्वस्त पडत, पण दुपारी डबा उघडेपर्यंत वातड होत आणि मुले अर्ध्या परत आणत. आता ती तक्रार राहिलेली नाही. ताईंच्या हातचे वांग्याचे भरीत आणि पातोडीचा रस्सा माझ्यापेक्षा सरस होतो. मुलांसाठी तिखट घालण्यापूर्वी भाजी बाजूला काढण्याची पद्धत त्यांनी स्वतःहून सुरू केली.

मात्र स्वयंपाक करणे आणि स्वयंपाकाचा विचार करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पगार पहिल्याचाच दिला जातो. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे आणि पुरुष 88 मिनिटे देतात, असे दिसले. डाळ कधी संपते, उद्या डब्यात काय, ताई आल्या नाहीत तर काय, हे डोक्यात बाळगण्याचा वेळ अशा मोजणीत कितपत उतरतो, असा प्रश्न मला पडतो. आमच्याकडे हा भाग पहिल्या दिवसापासून माझ्या यजमानांकडे आहे : रविवारी आठवड्याच्या भाज्या ठरवणे, किराणा भरणे आणि ताईंशी बोलणे. ताईंचा फोन बैठकीच्या मधोमध मला येत नाही, त्यांना येतो. या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच, आणि तिला एक रुपयाही लागला नाही.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. पारा 45 अंशांच्या आसपास असताना संध्याकाळी पाचला वस्तीतून चालत येऊन पेटत्या गॅससमोर उभे राहणे हे माणसाकडून अपेक्षिण्यासारखे काम नाही, आणि कूलरचा झोत शेगडीवर घेता येत नाही, कारण ज्योत हलते. त्यामुळे एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत आम्ही वेळापत्रक बदलले : ताई सकाळी सहालाच येऊन दोन्ही वेळच्या भाज्या करून ठेवत, संध्याकाळची भाजी लगेच फ्रीजमध्ये जाई, आणि ऊन उतरल्यावर सातला येऊन त्या फक्त पोळ्या व भात करत. ओट्यावर हवा बाहेर फेकणारा मोठा पंखाही बसवून घेतला. जेवण थोडे उशिरा होऊ लागले, पण त्या दोन-अडीच महिन्यांत खाडे फारसे पडले नाहीत.

खाड्यांविषयी माझे मत ठाम झाले आहे. कामाला येणाऱ्या बाईची सुट्टी आधीच धरून ठेवलेली नसेल, तर तिचा प्रत्येक खाडा आपल्या कार्यालयावर येऊन आदळतो. आम्ही आठवड्याची एक सुट्टी, त्याशिवाय महिन्यातून दोन भरपगारी रजा आणि दिवाळीला एक पगार जास्त, असे एका कागदावर लिहून दोघांकडे एकेक प्रत ठेवली. महालक्ष्म्या त्यांच्याही घरी बसतात, हे त्यांनी पोळ्याच्या आधीच सांगितले होते. म्हणून आमच्या सोळा भाज्या चिरणे आणि पुरण वाटणे हे काम आम्ही सगळ्यांनी मिळून आदल्या दिवशी उरकले आणि पूजेच्या दिवशी ताई त्यांच्या घरी होत्या. याउलट, त्याआधी एका एजन्सीकडून बाई घेतली होती. तिथे दर काही आठवड्यांनी न सांगता नवी व्यक्ती येई आणि पगारातून एजन्सी किती कापते, हे शेवटपर्यंत कळले नाही.

घरकामगारांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. आपल्या शहरात विदर्भ मोलकरीण संघटना आणि डॉ. रूपा कुळकर्णी-बोधी यांनी या स्त्रियांच्या हक्कांसाठी दीर्घकाळ काम केले आहे, ही नागपूरकर म्हणून मला महत्त्वाची गोष्ट वाटते. मंडळाकडे नोंदणी करताना काम देणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. ते आम्ही स्वयंपाकाच्या आणि केरफरशीच्या अशा दोन्ही ताईंना लिहून दिले. आपल्या एका सहीने होणारे हे काम घरोघरी व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.

केरफरशी व धुण्या-भांड्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. काम नेटके आहे आणि दर वाजवी आहे.

पाळणाघर घरापासून जवळ आहे, तिथल्या काकू मायाळू आहेत आणि मुलगी तिथे रमते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन 2017 च्या प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्तीने आले. कार्यालयातील सोय मात्र मिहानपर्यंतच्या रोजच्या प्रवासामुळे आम्ही घेतली नाही. एक अडचण अजून सुटलेली नाही : ताप आलेल्या मुलाला पाळणाघर घेत नाही, आणि इतर मुलांचा विचार करता ते योग्यच आहे. त्या दिवशी सकाळचा अर्धा दिवस यजमान आणि दुपारचा मी, अशी रजा आम्ही वाटून घेतो. संध्याकाळची माझी बैठक मात्र घरूनच होते, आणि ताई त्या दिवशी मुलीसाठी मऊ खिचडी वेगळी लावतात.